साडेतीनशे ग्रॅम

अमावास्येची ओहोटी. गुडघाभर पाणी.
झाफिसोआ कुंपणात उतरते
डोक्याला विजेरी बांधून.
दिवसभर वाळूत दडलेले झांगा
चरायला वर आलेत.

पुस्तकं त्यांना समुद्रकाकडी म्हणतात.
काकडीने कधी वाळू खाल्ली?

एक उचलते. गार, जड,
भिजलेल्या चामड्याच्या पिशवीसारखा.
डोकं नाही, डोळे नाहीत.
श्वास मागच्या दाराने
(यावरचे सगळे विनोद गावात करून झालेत),
आणि वाटेवर ठेवून जातो
धुतलेल्या वाळूची वेटोळी.

काटा सांगतो: तीनशे दहा.
"जा, खा अजून."

खडकातला एक काळा
तिने लहानपणी काठीने डिवचला होता.
त्याने आतडीच ओकली तिच्या पावलांवर.
ती रडली. आजा म्हणाला,
"रडतेस काय? नवी येतात त्याला."

तुलेआरच्या इस्पितळात
पोटाला टाके घालताना
तिला तेच वाक्य आठवत राहिलं.
सहा वर्षं झाली.
आलं नाही काही.

तीनशे चाळीस. परत.
दोनशे नव्वद. परत.
शुक्रवारी व्यापाऱ्याची नाव येईल,
उकडून, वाळवून हे जातील
कुठल्या कुठे, परक्या लग्नांच्या पंगतीत.

कोपऱ्यातला तो मोठा. चारशेच्या वर, नक्की.
ती वाकते
तर तो अर्धा उभा, फणा नसलेल्या नागासारखा,
डोलतोय,
पाण्यात सोडतोय दुधाचा धूर.
शेजारचाही उठतोय. त्याच्या पलीकडचा.

झाफिसोआ विजेरी विझवते.
काटा काखेत धरून
उभी राहते तशीच, अंधारात,
पाऊल न हलवता.