पावती क्रमांक दोनशे सतरा

वेंगुर्ल्यात, काजूच्या गोडाऊनमागे
आमच्या युनियनचं ऑफिस म्हणजे एक टेबल,
एक मोडका पंखा, आणि मी.
खजिनदार, कारण मला बेरीज येते.
वर्गणी महिन्याला वीस रुपये.
सभासद एकशे एक्क्याण्णव.
शिल्लक सांगत नाही, हसाल.

कारखाना बंद झाला तेव्हा बिया भट्टीतच होत्या.
शेठ फोनवर म्हणाले, घरी बसा, काळजी घ्या.
आणि पगार?
"किलोवर आहात तुम्ही. किलो नाही तर पगार कसला?"
इतकं सरळ गणित
मला सातवीतसुद्धा कुणी शिकवलं नव्हतं.

रेशनवर अंगठा लागेना.
वीस-वीस वर्षं टरफलाच्या तेलात गेलेली,
राख चोळून, एरंडेल चोळून उरलेली बोटं
मशीनला दिसतच नव्हती.
पुन्हा ठेवा. ठेवला.
पुसून ठेवा.
शेवंता आरोलकरीण म्हणाली,
"पुसान पुसानच गेलो रे तो."

बाबली धुरी, आमचा सेक्रेटरी,
तोंडाला पंचा बांधून अकरा दिवस
दुकानाच्या ओट्यावर उभा राहिला
युनियनचं रजिस्टर उघडून.
ही बघा सही. ही बघा. ही.
ह्या बायका आहेत.
तहसीलदारापुढेही त्याला
दुसरं वाक्य सुचलं नाही.

आठ जूनला कारखाना उघडायचा म्हणाले.
फिलोमिना आल्मेडाने काथ्याची दोरी आणली,
वावावावावर गाठ मारलेली.
नवरा रापणीचा, तिला वाव ठाऊक.
टेबलांमधून दोरी फिरवून म्हणाली,
अठ्ठावीसची चौदा करा, दुसरी पाळी लावा,
साबण द्या,
आणि आजारी पडली तर चौदा दिवसांची भरपाई.
शेठ म्हणाले, "चौदा, चौदा, तुमचं सगळंच चौदा!"
मॅनेजरने एकेक मास्क वाटला, पोच घेऊन.
पोचेवर मात्र अंगठा चालला.

सगळ्या एक नव्हतो, तेही लिहिते.
नऊ जणी मागच्या दाराने कामावर गेल्या.
त्यांतली एक माझी जाऊ,
नवरा गोव्यात हॉटेलात अडकलेला, घरी चार तोंडं.
मी तिच्याशी बोलले नाही.
वर्गणी घेतली. पावती दिली.

बाकीच्या फाटकासमोर बसलो,
गाठीला एक बाई,
छत्रीला छत्री न लागता
पार चर्चच्या वळणापर्यंत.
हवालदार गर्दीचा गुन्हा घालायला आला,
दोनदा मोजून गेला.
गर्दी भरेना.

सहाव्या दिवशी शेठ चौदा टेबलांवर आले.
साबणावर आले.
भरपाई सात दिवसांवर अडली.
बाबली म्हणाला, घेऊया.
फिलोमिना म्हणाली, नको.
हात वर झाले. घेतलं.
मीही वर केला होता.

शेवंताला आठवा दिवस आला.
सात दिवस घरी, आठव्या दिवशी ताप अंगात घेऊन
कामावर. दहाव्या दिवशी ओरोसला.
तिथे बोटाला चिमटा लावला, आकडा येईना.
नर्सने बोट बदललं,
मग दुसरा हात,
दहाही झाली.
शेवटी कानाच्या पाळीला लावला.
तिथे आला. आकडा
सांगण्यासारखा नव्हता.

तिची वर्गणी सप्टेंबरपर्यंतची भरलेली,
एकदमच, बंदच्या आधी.
"थकाक नको," म्हणाली होती.
गेली जुलैच्या शेवटी.
म्हणजे चाळीस रुपये जास्तीचे.
परत कुणाला करू?
मुलगा म्हणाला, राहू दे ते.

काल नवं मागणीपत्र टाईप करून आणलं.
सातच्या जागी चौदा.
टाईपवाल्याने पन्नास सांगितले, चाळीस घेतले.
खर्चाच्या रकान्यात लिहिलंय:
श्रीमती शेवंता आरोलकर यांजकडून, रुपये चाळीस.
असं लिहीत नाहीत, मला माहीत आहे.
ऑडिटर विचारील,
तेव्हा बघू.