बेमालूम

झोफियेनं टेबलावर तीन डबे मांडलेत.
किंमत कुठेच लिहिलेली नाही,
ती हळू आवाजात सांगते,
डॉक्टर रिपोर्ट सांगतात तशी.

'हा सातशे अडुसष्टपर्यंत जातो,' ती म्हणते.
जाऊ दे, मी म्हणतो.
माझं काम चव्वेचाळीस हजार शंभरात भागतं.
सेकंदाला एवढेच ठिपके, ठिपक्यामागे सोळा अंक,
आणि डब्यानं करायचं ते इतकंच,
ठिपक्याला ठिपका जोडत न्यायचा,
हात थरथरू न देता.
बाकीच्या गोष्टी माहितीपत्रकासाठी.

खिशातून माझी सीडी काढतो.
एक्क्याण्णवचा फेब्रुवारी, तिश्नोवजवळचं चर्च,
हीटर करकरायचा म्हणून बंद,
द्राहोमीरा टेकमध्ये मोजे घालून बोटं चोळायची
आणि पुन्हा चेलोला भिडायची.
चौथा टेक ठेव, म्हणाली होती.
'तिथे मी घसरते खरी,
पण पुढचं जे येतं ते घसरल्यामुळेच येतं.'
हो म्हणालो.
रात्री स्टुडिओत एकट्यानं ब्लेड घेतलं,
फीत तिरकी कापली,
सातव्या टेकमधले तीन सेकंद आणून बसवले.
असं रफू, की शिंप्यानंही चष्मा पुसावा.
कुणीतरी छापून लिहिलं,
बाईंनी सबंध भाग एका श्वासात वाजवला आहे.

पहिला डबा गोड. पाकातून काढल्यासारखा.
दुसरा नुकत्याच पुसलेल्या काचेसारखा,
आणि काच पुसली आहे हे सारखं आठवण करून देणारा.
तिसरा काळा, विटेएवढा,
आत रोधकांची शिडी, प्रत्येक पायरी मोजून निवडलेली.
दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांना
चेलो आहे तिथेच राहतो
आणि चर्च बदलतं.

छत जरा खाली येतं.
मागच्या सुराचं शेपूट
दारात सापडावं तसं तुटतं.
तीन सेकंद मी दुसऱ्याच थंडीत बसलेला असतो,
मग पुन्हा पहिल्या.

'ऐकलंत?'
'काय?' झोफिये विचारते.
तिचे कान सव्वीस वर्षांचे.
माझे आठ हजारांच्या वर बहिरे,
गेल्या ऑक्टोबरातच कागदावर आलंय.
पुन्हा लावलं. पुन्हा तेच.
आता हे डबा सांगतोय
की इतकी वर्षं गप्प बसलेला कुणी,
ते विचारायला त्या दुकानात कुणी नव्हतं.

घेतला.
इतक्या पैशांत मी एकदा गाडी घेतली होती,
तिचं हॉर्न मात्र बरं होतं.
ट्राममध्ये मांडीवर ठेवून आणला,
समोरच्या बाईला वाटलं केक आहे.

रात्री ओलोमोउत्सला फोन लावला.
'द्राहोमीरा, सांधा ऐकू आला.'
पलीकडे चमचा कपात फिरायचा थांबला.
'मला स्वयंपाकघरातल्या रेडिओवरही येतो,' म्हणाली.
'तो रेडिओ, ज्याची एरियल मी विणायच्या सुईची केलीय.'
'मग बोलली का नाहीस?'
'तू मला विचारून कापलं होतंस?'

मग बराच वेळ तिच्या गुडघ्याबद्दल.
मग भाचीच्या लग्नाबद्दल, त्यातल्या भयाण बँडबद्दल.
फोन ठेवता ठेवता,
'बोहुमीर, तो कापलेला तुकडा कुठे आहे?'

तीन सेकंदांची फीत. अडीच हात भरते.
मनगटाला गुंडाळून पाहिली होती,
मग टोपलीत टाकली,
सकाळी सफाईवाली येण्याआधी एकदा वाकलोही होतो.
'माहीत नाही,' म्हणालो.
यात एवढंच खोटं, की मला माहीत आहे.

झोफियेनं बजावलंय,
शंभर तास चालू ठेवा,
तोवर हा मोकळा होत नाही.
हात ठेवून पाहिला. कोमट.
दिवा बारीक, हिरवा.
आता कुठे तिसरा तास.