बेबिंका

कुडतरीच्या पियेदादच्या खिडकीला काच नाही,
शिंपल्यांच्या चकत्या आहेत, पणज्याच्या वेळच्या.
ऊन आत येतं ते दुधाळ होऊन.
हल्ली खिडकी उघडी टाकली तरी
मिटलेलीच वाटते, म्हणाली.
"मास्तर, सुयेंत सूत ओवूंक जायना."

मी शेजारी. केमिस्ट्रीचा निवृत्त मास्तर.
कुणी विचारलं की सुटतोच:

भिंगात रक्त जात नाही, पियेदाद.
थरावर थर चढतात, जुना कधी निघत नाही,
अगदी आतला तर तू जन्मायच्या आधीचा.
तिथलं प्रथिन आयुष्यभर तेच,
कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखं नितळ.
साखर मात्र आत शिरते
इन्सुलिनला न विचारता.
तिचं सॉर्बिटॉल होतं,
आणि सॉर्बिटॉलला बाहेरची वाट सापडत नाही.
ते पाणी ओढतं,
पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते तसं.
पेशी फुगतात.
ग्लुटाथायोन म्हणून एक राखणदार असतो,
त्याची शिदोरी या खटाटोपात संपते.
उरलेली साखर प्रथिनाला चिकटते,
हळूहळू त्याला तपकिरी करते,
एक थर, मग

"बेबिंका," ती म्हणाली.

मी थांबलो.
खाली मंद चूल, वर सोडणांचे निखारे,
थर भाजल्याशिवाय पुढचा ओतायचा नाही.
साखर, अंडं, आच.
तीच अभिक्रिया.
छत्तीस वर्षं फळ्यावर लिहीत होतो,
कधी सुचलं नाही.

"म्हणजे हांवेंच भाजली ती, दोळ्यांत."
नाही गं. माझ्याही भिंगात तेच चाललंय,
रक्तात साखर नसताना.
माझी आच मंद, एवढंच.

मडगावला बारा मिनिटांचं ऑपरेशन.
आठवड्याने काळा चष्मा वर सारून
तिने नाताळची बेबिंका कापली
आणि सुरी तशीच धरून राहिली.

"इतली काळी?
तीन वर्सां हांव हीच विकतां?
आनी तूं दर खेपे म्हणटालो, रंग बरो आयला!"

म्हणत होतो.
भीड म्हणून नव्हे, दिसत होतं तेच सांगत होतो.

आता तिने खिडकी सताड उघडली,
माझ्या हातात एक तुकडा दिला.
मी तो उन्हात धरला,
जवळ नेला, लांब नेला.

मधाच्या रंगाचा होता.