ड्रॉइंग नंबरला नाव नसतं

उद्यमबागेतल्या आमच्या खोलीत
बारा महिने वीस डिग्री.
बाहेर फाउंड्रीची भट्टी, पत्र्यावर काळी राख,
आत मी, टोपीत केस कोंबून,
आणि मशीनच्या सुईला माणकाचा एवढासा मणी.
तो जॉबला शिवतो, मागे येतो,
पुन्हा शिवतो,
नव्या सोयरिकीतल्या माणसासारखा.

ड्रॉइंगवर नंबर असतो, नाव नसतं.
टायटॅनियमचा तुकडा, मुठीत मावेल एवढा,
चार भोकं, एक खाच.
कशाला लागतो, विचारायचं नाही.
विमानाच्या पंखात, म्हणतो कॅन्टीनचा रायाप्पा.
सुपरवायझर नुसतं वर बघतो,
पंख्याच्याही वर.

बाबा, भरमा हुंदरे, मोल्डर, तीन शेड पलीकडे.
एकतीस वर्षं गटारीची झाकणं ओतली त्यानं.
वाळूत अक्षरं उलटी उमटली
तरच लोखंडात सुलटी उठतात.
अजून पेपर वाचताना मधेच अडखळतो,
सगळं सुलटं बघून.
"खाली जायच्या वाटा मी झाकल्या," म्हणतो,
"वरच्या तू उघड. खरं,
काय असतंय गे तिकडं?"

मला काय माहीत.
नऊ वर्षांची असताना
कंग्राळीहून मार्कंडेयच्या काठानं निघाले होते,
नदी कुठं जाते बघायला.
शाळेत सांगितलेलं, समुद्राला मिळते.
सांगणाऱ्या बाईंनी समुद्र बघितला नव्हता.
काकतीचा पूल गेला. उसाचे फड गेले.
ओळखीची कुत्री संपली.
मग एक मेंढरांचा कळप
आणि खांद्यावर घोंगडं टाकलेला म्हातारा:
"एल्लि होंटी, यव्वा?"

मला तेव्हा कानडी येत नव्हती.
खरं, कुठं निघालीस,
हे कुठल्याही भाषेत कळतंच की.
मी नदीकडं बोट केलं.
तो हसला नाही. विचार केला,
काठी उगवतीला धरली, म्हणाला, "गोकाक."
आणि जोंधळ्याची अर्धी भाकरी दिली,
वर कारळ्याची चटणी.
गोकाकच्या पुढचं त्यालाही माहीत नसावं.
अंधार पडता बाबानं शोधून सायकलवर घातलं.
मारलं नाही.
वाटेत एकदाच विचारलं, "किती लांब गेलतीस?"

परवा लॉट आला, दीडशे नग.
सत्तावन्नावा तीन मायक्रॉननं चुकला.
एका केसाचे वीस-बावीस उभे काप करा,
त्यातला एक.
बंगळूरहून फोन: बघा काही होतंय का.
पाच वेळा मोजला.
मणी शिवला, मागे आला.
लाल टॅग.
मग नियमानं करवतीखाली दोन तुकडे,
कुणी चुकून वर पाठवू नये म्हणून.
करवत चालेपर्यंत मी तिथंच उभी राहिले.
उभं राहायचं काम माझं नव्हतं.

काल टीव्हीवर उड्डाण.
त्यात आमचं काही होतं की नाही, कोण सांगणार.
बाबा चहा घेऊन पुढं सरकून बसला
आणि मोजायला लागला, दहा, नऊ, आठ,
टीव्हीच्याही आधी,
उलट्याची सवय असलेला माणूस.
शून्याला कप खाली ठेवला.
धूर, मग उजेड, मग रेघ,
मग नुसतं आभाळ
आणि आकडे सांगणारी एक बाई.
वरून सीमा दिसत नाही म्हणे,
शेजारचे मुचंडी सर म्हणाले.
दरवेळी म्हणतात.
"माझी झाकणंबी दिसत नसतील," बाबा म्हणाला.
नंतर बराच वेळ गप्प.
नंतर रिकाम्या पडद्याकडं बघत, हळूच,
"एल्लि होंटी?"

त्या म्हाताऱ्याचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.
असेल. फाउंड्रीत अर्धी माणसं कानडीच.

आज एकशे बारावा नग बसवलाय.
वीस डिग्री.
दार लावून घेतलं.
मणी निघाला.