छाट

वहीच्या उजव्या पानावर मराठी,
डाव्या पानावर माझी लिपी.
ती पाहून घरमालकीण राजमणी वडनाल म्हणाल्या,
"हे सगळे हुकच की गं, ब्लाउजचे."

हिप्परगी सर शिकवतात: आपण कुठे जात आहात?
अशोक चौकात रिक्षावाला विचारतो,
"कुठं जालालाव?"
वहीत शोधलं. असं क्रियापद नव्हतं.
सर हसले. त्यांच्या घरी कानडी बोलतात.
म्हणाले, "ते सोलापूर आहे, आनुश.
परीक्षेत येणार नाही."
मला तर रोज येतं ते,
झेरॉक्सच्या दुकानात, भाजीवालीकडे,
टॉवेलच्या गाठोड्यांवर बसून
मावा मळणाऱ्या पोरांच्या तोंडात,
शेवटी एक "बे" लावून.

माझ्या भाषेत तो नाही, ती नाही, ते नाही.
बाई, बुवा, कुलूप, सगळ्यांना एकच सर्वनाम
आणि आजवर कुणाची तक्रार नाही.
इथे चादर ती, टॉवेल तो,
शेंगाची चटणी ती, आणि तिखट मात्र ते.
एप्रिलमध्ये दारात उभी राहून म्हटलं,
केवढी ऊन!
राजमणीबाईंनी विड्यांच्या सुपातून मान वर केली नाही.
"केवढं. एवढं पोळतंय,
तरी बाई नाही ते, बुवाही नाही."

पान कापायचं, चिमूटभर तंबाखू,
अंगठ्याखाली वळायचं, गुलाबी दोरा.
संध्याकाळी ब्रँचमध्ये मोजून द्यायच्या.
तिथला माणूस वाकड्या विड्या बाजूला टाकतो,
त्यांना म्हणतात छाट.
त्याच्याशी भांडता यावं म्हणून
या बाई मराठी शिकल्या, तेलुगू घर सोडून
रोज दोन गल्ल्या चालत.
आता रात्री माझी वही मांडीवर घेतात.
वाचता येत नाही, मला वाचायला लावतात,
आणि विचारतात,
"आज किती छाट?"
अकरा, मी सांगते.
"माझ्या पहिल्या दिवशी दोनशे होत्या."

आईचा फोन येतो ग्युमरीहून.
तिकडे अजून छपरांवर बर्फ,
घड्याळात मात्र दीडच तासाचा फरक.
इतक्या लांब येऊन फक्त दीड तास!
मला फसवल्यासारखं वाटतं.

धडा सतरा, निसर्ग. शब्द: भूकंप.
सर फळ्याकडे वळले समजवायला,
भू म्हणजे जमीन, कंप म्हणजे
आणि त्यांनी हात हलवून दाखवला.
आमच्याकडेही शब्द तसाच जोडलाय,
येर्कीर म्हणजे जमीन, शार्झ म्हणजे हलणं.
वहीत डावं पान मी कोरं ठेवलं.

रात्री राजमणीबाईंना तो शब्द वाचून दाखवला.
सूप खाली ठेवलं त्यांनी.
"किल्लारीचा. गणपती बुडवून आलो होतो,
पहाटे फडताळात भांडी वाजली.
मी म्हटलं मांजर असेल,
झोपेतच त्याला शिवी दिली."
मग म्हणाल्या, "इथं नुसती भांडीच वाजली."
मी म्हटलं, आई नववीत होती.
शाळेत. भूगोलाचा तास.
पुढचं क्रियापद मला माहीत होतं,
भूतकाळ, अनेकवचन,
पण ते वापरलं नाही.
त्यांनीही विचारलं नाही.
बराच वेळ दोघी दोरा गुंडाळत बसलो,
मला नीट गुंडाळता येत नाही.

नळाला पाणी पाच दिवसांनी येतं,
कधी येईल त्याचं वेळापत्रक फक्त अफवांत.
आज पहाटे साडेतीनला मला जाग आली.
तोटी घरघरली, खाकरली,
आधी हवा, मग गंज, मग धार.
बाई गाढ झोपलेल्या, दिवसभराच्या हजार विड्यांनंतर.
मी गल्लीत धावले आणि सगळं जोर लावून ओरडले,
"पाणी आली! पाणी आली!"

दिवे लागले. कुणीतरी पलीकडे ओरडलं,
"नीळ्ळु वच्चिनय्!"
बादल्या, घागरी, रंगाचे रिकामे डबे,
अर्धवट नेसलेली एक साडी, एक रडणारं पोर,
गल्ली सगळी नळावर.
छाट काढायला
कुणाला वेळच नव्हता.