रकाना नऊ

अर्ज तीन प्रतींत.
पेन्शनच्या कागदावर बाबांचं नाव उरकुडा,
डिस्चार्ज बुकात उर्कुंदा,
आधार कार्डावर नुसतंच यू. शेंडे.
ही तिन्ही माणसं एकच आहेत
असं सिव्हिल लाइन्सच्या टायपिस्टकडून
स्टँप पेपरवर लिहून घेतलं.
त्यानं पन्नास जास्त लावले,
मग फौजी म्हणून दहा परत केले.

इंदोऱ्यात मे महिना.
कूलरची खस वाळून खडखडते.
बाबा बनियनवर बसलेत,
डाव्या कुल्ल्यावर भार न देता,
मला आठवतं तेव्हापासून तसेच.

साबणाच्या डबीत पदकं दोन.
नाहीत तीही दोन:
पश्चिमी स्टार,
आणि जखमेचं, ज्याला सरकार पराक्रम म्हणतं.
कारण नोंदीप्रमाणे एकाहत्तरच्या डिसेंबरात
नाईक शेंडे वार्षिक रजेवर होते.

रजेवर!
आई असती तर या शब्दाला तिनं
चुलीतलं लाकूड दाखवलं असतं.
पोस्टमनची सायकल वाजली
की दाराला आतून कडी घालायची ती,
त्या अख्ख्या महिन्यात.

पुरावा म्हणून मेडिकलचा एक्स-रे जोडला.
खिडकीच्या काचेला लावून पाहिला आधी.
हाडांच्या धुक्यात
तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका.
तो काही रजेवर गेलेला नाही
एक दिवसही.

सैनिक कल्याणच्या पिंपळापुरे बाई म्हणाल्या,
सगळं बरोबर आहे, रकाना नऊ तेवढा कोरा राहिला.
नोंद न होण्याचे कारण.
लिपिकाची चूक, असं लिहून टाका,
सगळे तेच लिहितात.

लिहिलं.
संध्याकाळी सहीसाठी वाचून दाखवलं
तर बाबांनी पेनला टोपण लावलं.

"काहून लिहिलं हे?
केरबा होता आमचा क्लार्क. कोल्हापूरकडचा.
ज्याले लिहिता नाही ये त्याचं पत्र लिहे,
आलेलं वाचून दाखवे,
वाईट असलं तं दोन दिवस खिशातच ठेवे.
मले स्ट्रेचरवर टाकलं तवा
पेन्सिल जिभेले लावून नंबर लिहून घेतला त्यानं वहीत.
म्हणे, शेंडे, उद्या ऑर्डर काढतो तुमची.
रात्री गोळा पडला बंकरवर.
वही त्याच्या शर्टातच होती, बाप्पा.
चूक नाही झाली त्याची.
लिहिणारा मेला, असं लिही."

बाबा, अर्ज परत येईल.

"येऊ दे."

रकाना दीड इंचाचा.
मी खोडलं, बाजूला आद्याक्षरं केली,
आणि बारीक अक्षरात लिहिलं ते दोन शब्द.
बाईंनी चष्मा वर करून वाचलं,
माझ्याकडे पाहिलं नाही,
तिन्ही प्रतींवर शिक्के मारले.

चौदा महिन्यांनी पाकीट आलं.
नोंद दुरुस्त करण्यात आली आहे.
पदके सध्या साठ्यात उपलब्ध नाहीत,
उपलब्ध होताच कळविण्यात येईल.
आणि खाली, टाईप केलेलं,
कारण: लिपिकीय त्रुटी.

मला वाटलं, बाबा पहिल्या ओळीवर थांबतील.
मी शेजारच्या पोट्ट्याला
बर्फी आणायला पाठवलंही होतं.

ते बोट ठेवत ठेवत शेवटपर्यंत गेले.
मग नातीच्या कंपासमधली पेन्सिल मागितली,
जिभेला लावली,
आणि ती ओळ खोडली. एकदाच, सरळ, पट्टी न घेता.
समासात एक नंबर लिहिला.
सात आकडे, मध्ये कुठेही न अडखळता.

तुमचा आहे का, मी विचारलं.

"माहा काहून लिहू?
माहा तं आता तुमच्या कागदात आहे."

कागदाची घडी घातली त्यांनी,
डबीतल्या दोन पदकांखाली सरकवली.
बर्फी आली तेव्हा म्हणाले,
कोल्हापूरकडे त्याचं कोणी आहे का, पाय जरा.