बाकी

गिडियन गेला त्या दिवशीही मशीन चालूच होतं,
शेडमध्ये, मेंढ्यांच्या औषधांच्या फळीखाली,
पंखा गुरगुरत, एकाच आकड्यावर, सहा आठवडे.
बंद कर, बार्ब्रा म्हणाली, विजेचं बिल बघ.
मी नाही केलं. त्याच्या उबेवर लोकर लवकर वाळते.

येल बेटावर आम्ही आकडे हातांनी शिकतो.
शहाण्णव टाके घाल: बारांची नक्षी बसते,
आठांची बसते, सहांचीही.
सत्त्याण्णव घाल, मग काहीही कर,
एक टाका सुईवर उरतोच.
असा आकडा चुकून पडला की आई सगळं उसवायला लावायची.
गिडियन मात्र असलेच आकडे शोधायचा.
ज्यांची वाटणी होत नाही ते, म्हणायचा,
आणि केकचा शेवटचा तुकडा आपल्या ताटलीत ओढायचा.

फेरीबोटीच्या वेळापत्रकामागे त्यानं मांडून दाखवलं होतं:
दोनाला दोननं गुणत जा, शेवटी एक काढून टाक.
मशीनच्या लिपीत उरतात फक्त एक, एक, एक.
म्हणजे नुसते सुलट टाके, मी म्हटलं, उलट एकही नाही.
तो इतका खूश झाला की चहा सांडला.

पाच टाक्यांची ओळ म्हणजे एकतीस. पारखायची कशी?
चार घे. वर्ग कर, दोन वजा कर: चौदा.
पुन्हा तेच, एकतीसनं भाग: बाकी आठ.
पुन्हा: बासष्ट. बाकी शून्य.
शून्य आलं, ओळ पक्की, कुठूनच उसवत नाही.
अकरा टाक्यांची ओळही मला तशीच वाटली होती.
तिचे तेवीस-तेवीसचे एकोणनव्वद तुकडे झाले.
दिसण्यावर जाऊ नकोस, ओस्ला.

शेडमधली ओळ तेरा कोटी टाक्यांची.
मी हिशेब केला होता: मिनिटाला साठ, दिवसाला चार तास,
तर पंचवीस वर्षं, सुट्टी न घेता.
आमचा संसार सत्तावीस वर्षांचा.
त्यातली दोन तो तेलविहिरींवर होता.

काल पहाटे पंख्याचा सूर बदलला.
गमबूट चढवून गेले. वारा दार उघडू देईना.
पडद्यावर शून्य नव्हतं.
एक लांबलचक बाकी, अक्षरं आणि आकडे
मांजरानं खेळवलेल्या गुंड्यासारखे गुंतलेले.
म्हणजे भाग जातो, हे नक्की.
कशानं जातो, ते कुणालाच ठाऊक नाही.
कदाचित कळणारही नाही कधी.
मी उभी होते तोवर मशीननं
आपणहून पुढचा आकडा उचलला.
चार. चौदा. एकशे चौऱ्याण्णव.

संध्याकाळी बार्ब्राचा फोन. हवा, गुडघे, फेरी रद्द.
मग नेहमीसारखं: बाकी काय?
सत्त्याण्णव टाके घातलेत, मी म्हटलं.
चुकून?
नाही.